आधी ताट, मग वाट

ज्येष्ठांना घेऊन शहरात सुट्टीला जाताना कुठे जेवावे आणि काय पाहावे : नंदुरबार ते सुरत, एक अनुभवलेली आखणी

नंदुरबार जिल्ह्यातल्या घरांना सुरत परकी नाही. लग्नाचा बस्ता सुरतेहून येतो, मोठ्या आजाराची तपासणी तिथल्या रुग्णालयात होते आणि कामधंद्यासाठी गेलेले मुलगे-पुतणे तिथेच स्थिरावलेले असतात. रेल्वेने साधारण तीन तासांचे अंतर. तरीही ज्या पिढीने या फेऱ्या सर्वांत अधिक केल्या, त्या पिढीने सुरत पाहिली मात्र क्वचितच. बस्ता बांधायचा, तपासणीचे कागद घ्यायचे, बारशाचे जेवण उरकायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, एवढीच त्यांची सुरत.

माझ्या सासूबाईही त्याच पिढीतल्या. वय ७८. माहेर तापीकाठचे. बरीच वर्षे मधुमेह, रक्तदाबाची गोळी आणि जिना दिसला की तक्रार करणारे दोन्ही गुडघे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नातवाने हौसेने सुरतेचा बेत आखला. एका दिवसात पाहायची ११ ठिकाणे आणि खायच्या ७ पदार्थांची यादी त्याने केली. यादी मन लावून केलेली होती, पण तीत आजींच्या गोळ्यांची वेळ कुठेच नव्हती.

व्हायचे तेच झाले. सकाळी आठला न्याहारी आणि मधुमेहाची गोळी झाली. त्यानंतर तीन ठिकाणे पायी फिरून झाली. दुपारचे दोन वाजत आले तरी आम्ही एका नावाजलेल्या खाद्यगृहाबाहेर रांगेतच उभे होतो. सासूबाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ऊन लागले असेल, दमल्या असतील, असे म्हणत आम्ही वारा घालत राहिलो. रांगेतल्याच एका अनोळखी बाईंनी ते ओळखले आणि पाण्यात साखर विरघळवून त्यांना प्यायला दिली. पाव तासात त्या सावरल्या. रक्तातील साखर घसरली होती.

सहल तिथेच संपली. त्या प्रसंगाहून मोठे नुकसान मात्र नंतर लक्षात आले. पुढे वर्षभर कुठेही जायचा विषय निघाला की त्यांचे एकच उत्तर असे : “तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी.” नातेवाइकांचे लग्न असो, देवदर्शन असो, उत्तर बदलत नसे. एका फसलेल्या दुपारीने त्यांचे जग उंबऱ्यापर्यंत आखडले होते. ज्येष्ठांच्या सहलीची आखणी म्हणूनच गंमत म्हणून सोडून द्यायची बाब नाही. ती नीट झाली तर माणूस पुन्हा बाहेर पडतो आणि फसली तर घराचे दार आपल्याच हाताने लावून घेतो.

यादीचा क्रम उलटा

बहुतेक कुटुंबे आधी ‘काय पाहायचे’ ते ठरवतात आणि जेवण ‘वाटेत कुठेतरी’ उरकतात. तरुणांच्या पोटाला ते चालते. ज्येष्ठांच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. दिवसाचा सांगाडा जेवणाच्या वेळांवर उभारावा. त्या वेळांना जिथे स्वस्थ बसून जेवता येईल अशी जागा निवडावी आणि मग त्या जागेच्या आसपास जे पाहण्यासारखे असेल, तेवढेच पाहावे.

यामागे शरीराची स्वतःची कारणे आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन ठरलेल्या वेळी साखर खाली आणतात, पोटात अन्न असो वा नसो. जेवण लांबले आणि चालणे वाढले की साखर धोकादायक पातळीवर उतरते. दुसरे कारण वयाचे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे शरीराला पाणी हवे असूनही ‘मला तहान नाही’ असे उत्तर मिळते. तिसरे कारण फारसे कोणाला ठाऊक नसते. भरपेट जेवणानंतर रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडे वळतो आणि अनेक ज्येष्ठांचा रक्तदाब पुढचा तास-दोन तास खाली येतो. जेवून लगेच उठले आणि किल्ल्याच्या पायऱ्या चढू लागले की भोवळ येते, तोल जातो. जेवणानंतरची विश्रांती हे म्हणून लाड नव्हेत. ती पडण्यापासूनची राखण आहे.

बेत आखण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहून काढाव्यात : गोळ्यांच्या वेळा, जेवणाच्या वेळा, दुपारच्या विश्रांतीची वेळ, किती तासांनी लघवीला जावे लागते आणि न थांबता किती मिनिटे चालता येते. या पाच ओळी हाती आल्या की अर्धा बेत आपोआप तयार होतो. लघवीची गोळी सुरू असलेले पुष्कळ ज्येष्ठ प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप टाळतात किंवा पाणी पिणेच बंद करतात. दोन्ही घातक आहे. गोळीची वेळ पुढेमागे करायची असेल तर ते निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारावे.

रंगीत तालीम गावातच

वर्षभराने आम्ही पुन्हा बेत केला तो सुरतेचा नव्हे, नंदुरबारचाच. नाटकाची रंगीत तालीम होते तशी सहलीचीही व्हावी, असा विचार होता.

एका रविवारी सकाळी आम्ही हुतात्मा शिरीषकुमार यांच्या स्मारकाशी गेलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि हाती तिरंगा घेतलेला १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता चार साथीदारांसह धारातीर्थी पडला. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांनी ती हकिगत वडिलांच्या तोंडून ऐकलेली. ज्या चौकातून त्या आयुष्यभर भाजीची पिशवी घेऊन गेल्या, तिथे त्या प्रथमच थांबून बसल्या आणि नातवाला तो दिवस सांगू लागल्या. स्थळ पाहण्याचा आनंद पायांवर जितका असतो, त्याहून अधिक आठवणींवर असतो, हे आम्ही तिथे शिकलो.

मग दंडपाणेश्वर गणपतीचे दर्शन, तिथे थोडे बसणे आणि साडेबाराला जेवण. गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या मात्र गाडीच्या काचा लावूनच पाहिल्या. हिवाळ्यात लालभडक मिरची मैदानभर वाळत घातलेली दिसते. दृश्य डोळ्यांचे पारणे फेडणारे, पण त्या हवेतला ठसका दम्याच्या किंवा जुनाट खोकल्याच्या रुग्णाला सोसत नाही.

अर्ध्या दिवसाच्या या तालमीत आम्हाला जे कळले, ते एरवी सुरतेत अडचणीच्या वेळी कळले असते. सासूबाई सलग १२ मिनिटे चालू शकतात, त्यानंतर बसावे लागते. दीड तासाने स्वच्छतागृह लागते आणि ते कमोडचेच हवे, कारण खाली बसून उठता येत नाही. गोंगाटात त्यांना ऐकू येत नाही, मग त्या हसून मान डोलावतात आणि आम्हाला वाटते की सारे ठीक आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी आपापल्या गावात अशी तालीम प्रत्येकाने करावी. शहादा-तळोद्याच्या मंडळींना त्यासाठी तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे आहेच.

तालमीच्या संध्याकाळी आम्ही तो प्रश्न विचारला, जो पहिल्या खेपेला कोणाच्याच मनात आला नव्हता : “आई, तुम्हाला काय पाहायचंय?” त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “तापीमाय समिंदरले जठे मिळस, ती जागा माले देखनी शे.” जन्मभर जी नदी दाराशी पाहिली, तिचा शेवट त्यांना पाहायचा होता. नातवाच्या ११ ठिकाणांत तो नव्हता.

सुरतेचे ताट

खवय्यांमध्ये सुरतेचे नाव मोठे आहे. ज्येष्ठांनी तिथे जाऊन मन मारावे असे मुळीच नाही, फक्त काय, किती आणि कधी खायचे एवढे ठरवून जावे.

पोंक. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे. आपल्या हुरड्याचाच हा सुरती भाऊबंद. तो हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळतो आणि लिंबू-मिऱ्याच्या किंवा लसणाच्या शेवेबरोबर खातात. खान्देशी जिभेला ही चव ओळखीची. मूठभर पोंक आणि चिमूटभर शेव असे प्रमाण ठेवावे. ज्यांना गिळताना ठसका लागतो किंवा ज्यांची कवळी सैल आहे, त्यांनी सुटे दाणे टाळलेलेच बरे.

लोचो. हरभऱ्याच्या डाळीच्या वाफवलेल्या पिठाचा हा मऊ पदार्थ. खमण करताना बिघडलेल्या पिठातून तो जन्मला, अशी कथा सांगतात. दात नसलेल्यांनाही खाता येतो आणि वाफेवरून थेट ताटलीत येतो, म्हणून पोटालाही त्यातल्या त्यात सुरक्षित. फक्त वरून ओतले जाणारे तेल-लोणी, कच्चा कांदा आणि हिरवी चटणी नको, असे आधीच सांगावे.

उंधियू. हाही हिवाळ्यातलाच. सुरती पापडी, कंद, रताळे आणि मेथीचे मुठिये तेलात मुरलेले असतात. वाटीभर पुरे आणि तोही दुपारीच. रात्री खाल्ला तर पोटात वात धरतो आणि झोप मोडते.

घारी. मावा, तूप आणि साखर यांचे हे पक्वान्न शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सारे सुरत खाते. मधुमेहींनी एक घारी चौघांत वाटून घ्यावी आणि तो घास जेवणाचा भाग म्हणून मोजावा, जेवणानंतरची वेगळी चंगळ म्हणून नव्हे.

गुजराती थाळी. येथे खरी मेख आहे. थाळीतले वरण गूळ घातलेले असते आणि अनेक भाज्यांतही साखर असते. गोड पदार्थ नाकारून समाधान मानणाऱ्या मधुमेही माणसाच्या पोटात वरणावाटे गूळ जातच असतो. वाढप्याला ‘मोळी दाळ आहे का’ म्हणून विचारावे. गुजरातीत ‘मोळी’ म्हणजे गोड नसलेली. शिवाय आग्रह करकरून वाढण्याची तिथली रीत असल्याने, ताटावर आडवा हात धरण्याची तयारी ठेवावी.

फरसाण आणि पापड. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी येथे जपावे. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शेव, गाठिया, पापड, लोणचे यांतल्या मिठाबरोबर पापडखार आणि सोड्यातूनही सोडियम पोटात जाते. दुसऱ्या दिवशी पाय सुजले तर त्याचे मूळ आदल्या दिवशीच्या फरसाणातही असू शकते.

रात्रीचे जेवण मात्र निर्धास्त. खिचडी-कढी सुरतेत सर्रास मिळते. गरम, मऊ आणि पचायला हलकी. सतत गोडसर जेवणाने जिभेला मरगळ आली तर सोबत नेलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी कामी येते. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खान्देशातून गेलेली मंडळी मोठ्या संख्येने राहतात. तिथे कोणी आप्त असतील तर एका वेळचे भाकरी-भाजीचे जेवण त्यांच्याकडे ठरवावे. मुक्काम आणि पाहुणचाराचा भार न टाकता केलेली तासाभराची भेट दोन्ही घरांना गोड वाटते.

खाद्यगृह निवडताना नावापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात : पायऱ्या किती आहेत, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का, कमोडचे स्वच्छतागृह आहे का आणि गर्दीच्या आधी, म्हणजे बारा-साडेबाराला, जेवण मिळते का. आदल्या दिवशी दूरध्वनी करून एवढे विचारले की रांगेत उभे राहण्याचा प्रसंग टळतो. उघड्यावरची कापलेली फळे, बर्फ आणि पाण्याच्या चटण्या सर्वांनीच टाळाव्यात.

काय पाहावे, किती पाहावे

नियम सोपा आहे : सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक ठिकाण. तिसरे ठिकाण मोहाचे.

सुरतेचा किल्ला चौक बाजारात तापीच्या काठी आहे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहराला वाचवण्यासाठी तो सोळाव्या शतकात बांधला गेला. अलीकडे त्याची नीट डागडुजी होऊन आत संग्रहालय झाले आहे. मराठी मनाला या जागेचे वेगळे कुतूहल असते. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरतेवर स्वारी केली. पहिल्या स्वारीच्या वेळी मोगलांचा अधिकारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. सगळी दालने पाहण्याचा हट्ट नको. दोन दालने सावकाश पाहावीत आणि मग नदीकडे तोंड करून बसावे. पायऱ्यांना पर्यायी उतरंड कुठे आहे, ते प्रवेशद्वारापाशीच विचारून घ्यावे.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांसाठी कतारगाम दरवाजाजवळचे इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. १६६४ मध्ये आपल्या वखारीचा बचाव करणारा इंग्रज प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच मरण पावला. त्याची घुमटाकार भव्य कबर येथे आहे. जमीन उंचसखल असल्याने काठी आणि सोबत दोन्ही हवेत.

गुडघे अगदीच साथ देत नसतील तर सिटीलाइट भागातले विज्ञान केंद्र निवडावे. तिथल्या तारांगणात मागे रेलून आकाश पाहायचे असते. नातवंडे आणि आजी-आजोबा यांना सारखाच आनंद देणारी अशी जागा विरळा. मात्र अंधाऱ्या, फिरत्या दृश्यांनी ज्यांना चक्कर येते त्यांनी बाहेरच थांबावे. संध्याकाळसाठी गोपी तलावाचा परिसर चांगला, सपाट आणि बसायला मोकळा. सुमारे पाच शतकांपूर्वी मलिक गोपी या धनाढ्य सुभेदाराने तो बांधवला होता.

अशी ठिकाणे सोमवारी किंवा सणाला बंद असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत सुरतेचे बाजार बंद असतात आणि उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास, पतंगांच्या गर्दीत मांजाचा धोका असतो. हे दिवस सोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा.

आणखी एक गोष्ट सांभाळणाऱ्यांसाठी. ज्येष्ठांसोबत कोणी थांबायचे याच्या पाळ्या आधीच लावाव्यात. सकाळी एकाने, संध्याकाळी दुसऱ्याने. तसे केले नाही तर घरातल्या एकाच बाईच्या वाट्याला दोन्ही दिवस बाकावर बसणे येते, आणि तिची सुट्टी केवळ दुसऱ्या गावातली सेवा ठरते.

दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस. घरी न्याहारी आणि गोळ्या घेऊन सकाळची गाडी. तिकीट काढताना वय अचूक लिहावे. शयनयानात ६० वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या शायिकांचा वेगळा कोटा असतो. काही गाड्या सुरतेऐवजी उधन्याला थांबतात, हे तिकिटावर नीट पाहावे. वाटेत नवापूर येते. या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असून फलाटावरच्या एका बाकालाही दोन राज्ये मिळाली आहेत. तासाभराने एकदा उठून डब्यातच चार पावले चालावीत, निदान बसल्या जागी पावले वरखाली हलवावीत. साडेबाराला जेवण, मग मुक्कामी दोन तास झोप. साडेचारला चहा-बिस्किटे आणि किल्ला किंवा गोपी तलाव. साडेसातला खिचडी-कढी. नऊला अंथरूण.

मुक्कामाची खोली तळमजल्यावर किंवा उद्वाहकाजवळ असावी. रात्री स्वच्छतागृहातला दिवा चालू ठेवावा. अनोळखी खोलीत मध्यरात्री उठणे हे पडण्याचे मोठे निमित्त असते. स्मृतिभ्रंश असलेल्यांना नव्या जागी संध्याकाळनंतर गोंधळल्यासारखे होते. त्यांच्यासाठी घरची चादर, ओळखीची उशी न्यावी आणि खिशात नाव, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक व आजारांची चिठ्ठी ठेवावी.

दुसरा दिवस. आठला न्याहारी. सकाळीच, उन्हे चढण्यापूर्वी, डुमस किंवा तारांगण. बाराला जेवण, विश्रांती आणि दुपारची परतीची गाडी. रात्रीचे जेवण घरी.

पिशवीत असावे : दोन ऐवजी तीन दिवसांच्या गोळ्या, औषधांच्या चिठ्ठीची प्रत, साखर मोजण्याचे यंत्र, साखरेच्या पुड्या, उकळलेले पाणी, भाजलेले चणे, घडीची खुर्ची, काठी, चष्म्याची व श्रवणयंत्राची जादा सामग्री आणि पायांत रुळलेल्या जुन्या चपला. नव्या चपला सहलीला कधीही घालू नयेत. मधुमेही माणसाच्या पायाला चावा लागला तर तो त्याला कळतही नाही.

अडचण आली तर

अचानक घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले की मधुमेही व्यक्तीची साखर घसरली असे धरून चालावे. यंत्रावर आकडा ७० पेक्षा कमी आला, किंवा यंत्रच जवळ नसले, तर तीन ते चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, फरक नसल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि बरे वाटताच जेवण द्यावे. रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवत नाही. अशा वेळी घाम आणि बोलण्यातला गोंधळ याच खुणा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे चालतो. छातीत दुखणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा तोंड वाकडे होणे यांतही हाच मार्ग, घरी परतण्याची वाट न पाहता.

तापीचा शेवट

गेल्या जानेवारीत आम्ही दुसऱ्यांदा सुरतेला गेलो. यादीत चारच ठिकाणे होती आणि डॉक्टरांनी न्याहारी, गोळी आणि जेवण यांचा मेळ घालून दिला होता. पहिल्या दिवशी किल्ला आणि खिचडी. दुसऱ्या दिवशी सकाळी डुमस.

डुमस शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. काळ्या वाळूचा हा किनारा टोमॅटोच्या भज्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेला, हजिऱ्याच्या बाजूस, तापी समुद्राला मिळते. जाण्यापूर्वी भरतीची वेळ मात्र पाहावी लागते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असतो. ओहोटीला गेलात तर समुद्र दूर कुठेतरी रेषेसारखा दिसतो आणि समोर नुसता चिखल उरतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. पाण्यात उतरण्याचा हा किनारा नव्हे.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी चढत होते. घडीची खुर्ची घट्ट वाळूवर मांडली. चहावाल्याने उत्तरेकडे बोट दाखवून नदीचे मुख सांगितले. सासूबाई त्या दिशेला तोंड करून बराच वेळ बसल्या. प्रकाशाच्या घाटावर माहेरच्या बायकांबरोबर केलेल्या स्नानांच्या दोन-तीन आठवणी त्यांनी सांगितल्या, एवढेच. नातवाने आणलेल्या भज्यांपैकी एक त्यांनी खाल्ले, दुसरे परत केले.

साडेअकराच्या सुमारास त्यांनीच घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, “जेवायला कुठे ठरलंय?” वर्षभर ‘मी घरीच बरी’ म्हणणारे माणूस वेळेच्या भरवशावर निश्चिंत झाले होते. त्या प्रश्नाने मला जेवढे बरे वाटले, तेवढे समुद्र पाहूनही वाटले नव्हते.

परतीच्या गाडीत नवापूर मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, “शेवट पाहिला. तापीमाय निघते ते मुलताई किती लांब आहे?”

मुलताई मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. प्रवास लांबचा. तिथे काय पाहायचे याची यादी आम्ही अजून केलेली नाही. गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा मात्र कागदावर लिहून ठेवल्या आहेत.